गाडीचा नंबर नसलेल्या नोंदी

"ही कसली गाडी म्हणायची?"

वजनकाट्याच्या केबिनमध्ये तपासणीच्या बाईंनी कागदांचा गठ्ठा काटेकाकांपुढे सरकवला आणि एका ओळीवर पेन्सिलीचं टोक ठेवलं. काकांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली आणला. वार शनिवार. वेळ दुपारी एक वाजून चौतीस मिनिटं. गाडीचा नंबर नाही. वजन शून्य.

"काटा तपासायला करतो मॅडम. शून्य दाखवतोय का नाही ते बघायला."

"शून्य तपासायची नोंद तुम्ही रोज सकाळी सातला करता. ती ही इथं आहे, तुमच्या सहीसकट. मी शनिवारचं विचारतेय. दर शनिवारी, दीडच्या सुमाराला. दोनशे सहा शनिवार."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. काकांना तेवढीच सवड मिळाली. त्यांनी माईकचं बटण दाबलं. "या, पुढं या. बास." कचऱ्याची गाडी केबिनसमोरच्या लोखंडी फलाटावर चढली, यंत्रावरचे आकडे पळून पळून एका ठिकाणी थांबले, छपाईयंत्र खरखरलं. काकांनी पावती खिडकीतून ड्रायव्हरच्या हातात दिली आणि माईकमध्ये म्हणाले, "काटा सोडा." गाडी उतरली. हे त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, याचा हिशोब त्या बाईंच्या गठ्ठ्यातही नव्हता.

पाच गावांचा कचरा या एका मैदानावर येई. त्यासाठी पाच गावांनी मिळून एक प्राधिकरण केलं होतं. गावं टनामागे पैसे भरत, आणि गाड्यांच्या ठेकेदाराला टनामागे पैसे मिळत. गावांतली माणसं तेवढीच राहिली आणि कचरा मात्र दर वर्षी बाळसं धरत गेला, तेव्हा एका गावानं तक्रार केली आणि सगळ्या कारभाराची तपासणी लागली. बाई आठ दिवस मुख्य कचेरीत बसून होत्या. तिथं त्यांना अकरा समित्या सापडल्या, त्यातल्या एकीचं वर्षभरातलं काम इतर दहांच्या चहाला मंजुरी देणं एवढंच होतं. कचरा दाबायचं एक महागडं यंत्र सापडलं, ते अजून खोक्यातच होतं. व्यवस्थापक साहेबांच्या नावावर तीन मोटारी सापडल्या, आणि साहेबांचं बूड तर एकच होतं. नवव्या दिवशी बाई काट्यावर आल्या.

"काका, मी स्पष्ट बोलते," त्या म्हणाल्या. "नोंद केली की पावती छापली जाते. तिच्यावर नंबर पडतो. कोरी पावती ठेकेदाराच्या हातात गेली, तर तिच्यावर हातानं वीस टन लिहायला किती वेळ लागतो? तुमचे व्यवस्थापक आज सकाळीच सांगून गेलेत, सगळा घोळ काट्यावरच आहे म्हणून."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं काकांच्या मनात आलं, पण संन्याशाच्या खणात दोनशे सहा पावत्या होत्या हेही खरं. त्यांनी किल्ली काढली, टेबलाचा खालचा खण उघडला आणि दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा बाईंच्या पुढे ठेवला. बाईंनी तो सोडला आणि एकेक पावती यादीशी ताडून पाहिली. मध्ये सहा गाड्या येऊन गेल्या. दोनशे सहाच्या दोनशे सहा भरल्या. गठ्ठ्याच्या तळाशी आणखी एक पावती होती. वजन एकशे वीस किलो.

"एकशे वीस किलोची कुठली गाडी आली?" बाईंनी विचारलं. "सायकल?"

बाईंनी यादीवर पेन्सिल मागं मागं नेली.

"त्याच्या मागं गेले तर अजून सापडतात. पन्नास, पन्नास, पन्नास. त्याच्या मागं चाळीस. मग तीस. अगदी मागं, यंत्र बसवलं त्या वर्षी, वीस. सगळे शनिवारच. सातशे एकेचाळीस नोंदी. वजन आहे, नंबर नाही, पैसे कुणी भरले नाहीत. आणि या पावत्या तुमच्या खणात नाहीत. कुठं गेल्या?"

"त्या ती घेऊन जायची," काका म्हणाले.

"ती कोण?"

सांगणं भाग होतं. महिनाअखेर काका निवृत्त होणार होते, आणि अंगावर आक्षेप असला की निवृत्तीचा पैसा अडकतो हे त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. पण ते बोलले ते त्यासाठी नाही. चार वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

लेक सहा वर्षांची असताना तिची आई गेली. शनिवारी शाळा अर्ध्यावर सुटायची, घरी कुणी नसायचं, म्हणून ती दप्तरासकट काट्यावर यायची. दीड ते दोन ठेकेदाराची माणसं जेवायला जायची, फलाट रिकामा असायचा. पहिल्याच शनिवारी ती त्याच्यावर जाऊन उभी राहिली. दप्तर खाली ठेवलं, कारण बाबा सांगायचे, माल वेगळा आणि गाडी वेगळी मोजायची असते. "माझी पावती द्या," म्हणाली. काकांनी बटण दाबलं. वीस किलो. पावती तिनं वहीत ठेवली. त्या दिवसापासून तिनं सहसा शनिवार सोडला नाही. शाळा संपली, कॉलेज झालं, तालुक्याच्या कचेरीत नोकरी लागली, तरी शनिवारी दीडला हातात डबा घेऊन ती फलाटावर हजर. काका माईकमध्ये सांगत, "या, पुढं या." ती गाडीसारखी हळूहळू पुढे येई, मध्येच मागे सरके, ड्रायव्हर लोकांची नक्कल करी. मग दोघं केबिनमध्ये बसून जेवत.

"आणि एकशे वीस?"

"तिनं एकाला आणलं होतं सोबत. तो इथलाच. सात नंबरच्या गाडीवर ड्रायव्हर होता. रोज त्याला मीच पावती द्यायचो."

"मग?"

"मग काय मॅडम. वीस वर्षं मी या वासात काढली. घरी गेलो की आधी आंघोळ, मग पोरीला जवळ घ्यायचं, हा नेम. तिला यातून बाहेर काढायची म्हणून शिकवलं. आणि ती कचऱ्याच्या गाडीवरच्याचा हात धरून माझ्यापुढं उभी. काचेतून बघत होती, हसत होती. हाताला सवय असते. बटण दाबलं गेलं. पावती आली. मग मी माईक घेतला."

"काय म्हणालात?"

काकांनी खिडकीबाहेरच्या भोंग्याकडे पाहिलं. "काटा सोडा, म्हणालो."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"सोडला त्यांनी. त्यानं नोकरीही सोडली. कुठंतरी दुसरीकडं गेले. पुढच्या शनिवारी दीड वाजला, फलाट रिकामा होता. मी बटण दाबलं." काकांनी चष्मा सदऱ्याला पुसला. "हजेरीपटात गैरहजर मुलाचंही नाव असतं ना मॅडम. तसं."

बाईंनी पिशवीतून एक कागद काढला, त्याला मधोमध उभी घडी घातली आणि पुन्हा उलगडला.

"माझा विश्वास बसला काका. पण माझ्या विश्वासाचं फाइलीला काय करायचंय? तिला कागद लागतो. सातशे एकेचाळीस पावत्या ज्यांच्याकडे गेल्या, त्यांनी लिहून द्यायला हवं. हा आमचा अर्ध्या समासाचा कागद. डाव्या बाजूला मी प्रश्न लिहिते. उजवी बाजू उत्तरासाठी कोरी. हा मी थेट त्यांना पाठवणार, उत्तर थेट मला येणार, मध्ये तुमचा हात लागायचा नाही. तुम्ही फक्त पत्ता द्या."

"पत्ता माझ्याकडे नाही."

"मग मिळवा. आणि त्या शून्याच्या नोंदी आता बंद."

पत्ता मेहुणीकडे होता, हे काकांना चार वर्षं ठाऊक होतं. फोन शेजारच्या खोलीत होता, नंबर पाठ होता. पण माणसाचा ताठा असा असतो की हाताच्या अंतरावरची वस्तू त्याला कोसभर लांब वाटते. त्या संध्याकाळी त्यांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि मग फोन लावला. फोनवर सदरा दिसत नाही हे त्यांना नंतर सुचलं.

"पत्ता पाहिजे होता," ते म्हणाले.

"कुणाचा, भाऊजी?"

"तुला माहीत आहे कुणाचा."

"मला पुष्कळांचे पत्ते माहीत आहेत. शिंप्याचा सांगू?"

"माझ्या लेकीचा," काका म्हणाले. चार वर्षांनी हा शब्द तोंडातून बाहेर पडला.

पलीकडे मेहुणीला जोर चढला. "चार वर्षांत नाही आठवण झाली? आज कसं सुचलं?"

"ऑफिसचं काम आहे. तपासणी लागलीय."

"धन्य आहे तुमची. सरकारनं विचारलं तेव्हा बापाला लेक आठवली. घ्या लिहून."

तिनं पत्ता सांगितला. बसनं दोन तासांचा रस्ता. चार वर्षं जी मुलगी पृथ्वीच्या पाठीवर कुठं आहे कळत नव्हतं, ती दोन तासांवर होती. काकांनी पत्ता लिहिला, वाचून दाखवला, पिनकोडसकट.

"अजून काही विचारायचंय का, भाऊजी?" मेहुणी म्हणाली. तिचा आवाज आता मऊ झाला होता.

"नाही. एवढंच पाहिजे होतं."

"बघा. काही विचारायचं असेल तर विचारा."

"नाही म्हटलं ना."

"बरं," मेहुणी म्हणाली, आणि तिनं उसासा टाकलेला काकांना ऐकू आला.

कागद गेला. काका काट्यावर गाड्या मोजत राहिले. बाईंची तपासणी पुढे सरकली. ठेकेदाराच्या गाड्या वाटेत नळ सोडून कचऱ्यावर पाणी मारतात आणि मग काट्यावर येतात, हे बाईंनी स्वतः वाटेत उभं राहून पाहिलं. कचरा बाळसं का धरत होता ते कळलं. व्यवस्थापक साहेबांना एकाएकी रक्तदाब झाला आणि ते रजेवर गेले. म्हणजे घोळ काट्यावर नव्हता. काकांना त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचं अर्धं लक्ष मैदानाच्या फाटकाकडे असे, आणि उत्तर बाईंकडे जाणार हे माहीत असूनही पोस्टमनची सायकल दिसली की ते चालू गाडीचं वजन पुन्हा एकदा वाचत.

शनिवार आला. दीड वाजला, चौतीस झाले. फलाटावर एक कावळा होता, त्याचं वजन काही यंत्राला लागत नव्हतं. काकांचं बोट बटणापर्यंत गेलं. नोंद बंद म्हणजे बंद. त्यांनी हात मागे घेतला आणि डबा उघडला, आणि तसाच पुन्हा मिटला. शून्य लिहीत होतो तेव्हा निदान ती आली नाही असं तरी लिहीत होतो, त्यांना वाटलं. आता तेवढंही उरलं नाही.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या. आत येऊन त्यांनी दार लोटलं, खुर्ची ओढली आणि पिशवीतून तो कागद काढला.

"उत्तर आलंय. वाचून घ्या. मी गाड्यांकडं बघते."

"तुम्हाला येईल?"

"त्या दिवशी बघितलंय तुम्हाला. या, पुढं या, एवढंच तर म्हणायचं."

काकांनी कागद दोन्ही हातांत घेतला. डाव्या बाजूला बाईंचं आखीव अक्षर. उजव्या बाजूला ते दुसरं. तिरकं, काना जरा लांब ओढलेलं. पाटीवर हे अक्षर त्यांनीच गिरवून घेतलं होतं.

"खुलासा पुढीलप्रमाणे," लेकीनं लिहिलं होतं. "एक. या नोंदी माझ्या वजनाच्या आहेत. शनिवारी घरी कुणी नसायचं म्हणून मी काट्यावर जात असे. पुढे मोठी झाल्यावर घरी एकटी राहू शकत होते, तरी जात असे.

"दोन. पावत्या माझ्याकडे आहेत. एकूण सातशे एकोणचाळीस. लहानपणी दोन हरवल्या, त्याबद्दल दिलगीर आहे. तपासायच्या असल्यास इथे येऊन तपासाव्यात. देता येणार नाहीत.

"तीन. शेवटची नोंद एकशे वीस किलोची आहे. ती माझी व माझ्या नवऱ्याची. तिची पावती आम्हाला मिळाली नाही. आम्हाला काटा सोडा असं सांगण्यात आलं, म्हणून आम्ही सोडला.

"चार. या नोंदीत एक दुरुस्ती सुचवते. त्या दिवशी काट्यावर आम्ही तिघं होतो. तेच सांगायला आलो होतो. तिसऱ्याचं वजन नोंदीत आलेलं नाही, कारण हा काटा दहा किलोच्या खालचं दाखवत नाही. यात काटेवाल्याची चूक नाही."

खाली सही होती.

काकांनी चौथा मुद्दा पुन्हा वाचला. मग पुन्हा. बाहेर भोंग्यातून बाईंचा आवाज येत होता, या, पुढं या, आणि ड्रायव्हर गोंधळून गाडी वेडीवाकडी लावत होता. मेहुणीनं फोन का लांबवला ते आता काकांना कळलं. ती वाट बघत होती. विचारलं तरच सांगायचं, असं तिला लेकीनंच बजावलं असणार. काकांना रडू आलं आणि त्यांनी ते थांबवलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर एका टनाचाही घोटाळा होऊ दिला नाही, त्याच्या डोळ्यांपुढून एक अख्खं माणूस मोजल्याशिवाय निघून गेलं होतं.

बाईंनी गाडी सोडली आणि त्या वळल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही, टेबलावरची धूळ रुमालानं पुसत राहिल्या.

"हा कागद," काका थोड्या वेळानं म्हणाले, "मला ठेवता येईल का?"

"नाही काका. अस्सल कागद फाइलीत जातो. त्याच्यावरच तुमचा आक्षेप मिटतो. नक्कल देते."

"नकलेत अक्षर येतं का?"

"येतं. शाई येत नाही."

काकांनी कागदावरून अंगठा फिरवला. "फाईल किती वर्षं ठेवतात?"

"दहा वर्षं. कपाटात, कुलपात. घरात एवढं टिकत नाही काही."

"हो, ते खरं," काका म्हणाले. रेकॉर्डावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी कागद नीट घडीवर दुमडला आणि बाईंच्या हातात दिला, पण सोडायला त्यांना जरा वेळ लागला. बाईंनी ओढला नाही. तो सुटेपर्यंत थांबल्या.

मग त्यांनी वहीत लिहिलं, खुलासा मान्य, आक्षेप वगळला, आणि काकांची सही घेतली.

"हा काटा कधी काढताय?" काकांनी विचारलं. नवीन काट्याची शिफारस बाईंनीच केली होती.

"महिना संपला की. तुमच्याबरोबरच."

"म्हणजे दोन शनिवार." काका यंत्राकडे पाहत होते. "मॅडम, चार वर्षांचं पोर किती भरतं हो?"

"चार पूर्ण झाली का?"

"व्हायची असतील. सहा-सात महिने कमी."

"मग चौदा-पंधरा किलो भरेल. माझा नातू तेवढाच आहे."

"चौदा." काकांनी मान हलवली. "चौदा म्हणजे दाखवेल. दहादहानंच मोजतो हा, म्हणून दहा दाखवेल, पण दाखवेल."

बाईंनी पिशवी उचलली. दारापाशी जाऊन त्या परत आल्या, अर्ध्या समासाचा एक कोरा कागद त्यांनी टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या.

दुपारच्या गाड्या संपेपर्यंत तो कागद तिथंच पडून होता. साडेपाचला काकांनी झाडू घेऊन फलाट साफ केला, लोखंडाला चिकटलेला चिखल खरवडून काढला. आत येऊन यंत्र पाहिलं. शून्य. मग हात साबणानं दोनदा धुतले, वास घेऊन पाहिला, तिसऱ्यांदा धुतले, आणि खुर्चीत बसून कागदाला मधोमध घडी घातली.

डाव्या बाजूला त्यांनी एक आकडा घातला. पुढे काय लिहायचं ते त्यांना ठाऊक होतं, तरी पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं आणि तिथं शाईचा ठिपका पडला. सातशे एकेचाळीस शनिवार, दोनशे सहा शनिवार, आणि एवढ्या सगळ्यांत जे त्यांनी कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी ठिपक्याच्या पुढे लिहिलं.

"१. तिसऱ्याचं नाव काय ठेवलं?"

दुसरा प्रश्न त्यांनी लिहिला नाही. खाली सही केली, काटेवाला असं लिहिलं, ते खोडलं आणि बाबा असं लिहिलं. खणातून एकशे वीस किलोची पावती काढून कागदाला टाचली. उजवी बाजू कोरी ठेवली. लिफाफ्यात घालताना त्या बाजूला सुरकुती पडणार नाही एवढं पाहिलं, आणि पत्ता घातला, पिनकोडसकट.